पान सदतीस

पुस्तकांना पाय फुटतात म्हणतात.
आमच्याकडे त्यांना चार चाकं आहेत
आणि ती मी चालवतो,
शेटलंडच्या येल बेटावर, एकाआड एक मंगळवारी,
सकाळच्या पहिल्या फेरीबोटीतून उतरून.
वारा सुटला की कपाटांना पट्टे आवळायचे,
तरी एखादी जाडजूड कादंबरी
वळणावर उडी मारतेच.

पहिला थांबा गिबी हॅलक्रो.
मासेमारी सुटली, गुडघे गेले,
वाचणं तेवढं राहिलं.
बोलणं मोजून दोन शब्द: "आलास?" आणि "बरंय."
वाचून हातावेगळ्या केलेल्या प्रत्येक पुस्तकात
सदतिसाव्या पानाच्या तळाशी
तो पेन्सिलीनं एक बारीकसा गळ काढतो,
तेच पुस्तक पुन्हा घरी जाऊ नये म्हणून.
नियमात हे बसत नाही.
माझ्या खिशात खोडरबर असतं.
अजून करकरीत आहे.

शेवटचा थांबा ऑस्ला इंकस्टर.
चौदा मैल पुढे,
रस्ता मेंढ्यांच्या कुंपणाला टेकून संपतो तिथे.
तिला फक्त खून लागायचे.
"नव्वद पानं झाली तरी कुणी मरत नाही,
असलं वाचतं कोण?"
पण एकदा घाईत, चष्म्याशिवाय,
तिनं भलतंच पुस्तक उचललं:
दीपगृहावर राहणाऱ्या दोन भावांचं,
ज्यात खरोखरच कुणी मरत नाही,
नुसती हवा बदलत राहते.
पंधरा दिवसांनी पान सदतीस उघडून
तिनं माझ्या नाकासमोर धरलं.
"हा गळवाला कोण?
नको, नाव नको सांगूस.
तो नेतो ते मला आणत जा."

मग तिचीही खूण शेजारी येऊन बसली:
दोन भोकांची गुंडी,
ती विणते त्या स्वेटरना असते तशी.

एकदा तिनं दुसऱ्या टोकाहून एक पुस्तक धाडलं.
"ह्या बाईचे खून त्याला दे. बोलू नकोस काही,
वरच ठेव."
गिबीनं ते परत करताना
आयुष्यातलं सर्वात लांब वाक्य उच्चारलं:
"खुनी डॉक्टर आहे हे मला पाचव्याच पानावर कळलं,
दुसरं आहे का तिचं?"

अकरा वर्षं झाली.
दोघं अजून भेटलेली नाहीत.
भांडतात मात्र.
गुंडीखाली: शेवट घाईत उरकलाय.
गळाखाली: नाही.
गुंडीखाली: आहे. पुन्हा वाच.
त्या एका ओळीला
सबंध हिवाळा गेला.

आणि मी?
मी ड्रायव्हर. खोकी उचलायची, तारखेचा शिक्का मारायचा.
लोक विचारायचे, हे कसं आहे,
मी म्हणायचो, जड आहे.

यंदा जानेवारीत परतीची बोट रद्द झाली.
उल्स्टाच्या धक्क्यावर गाडी उभी,
थर्मासमध्ये चहाचा तळ,
दुपारी तीनलाच काळोख.
म्हटलं, बघू तरी कुठवर आलंय यांचं भांडण.
दीपगृहाचं पुस्तक काढलं,
थेट सदतीस.
खुणांच्या वर, छापील शेवटच्या ओळीत,
थोरला भाऊ कंदील घेऊन जिना चढत होता
आणि पान तिथेच संपलं होतं,
वाक्य अर्धं.
अर्धं वाक्य टाकून उठणार कसं?
अडतीस उलटलं. मग एकोणचाळीस.
मग धाकट्याचं काय बिनसलंय ते कळेना,
म्हणून पहिल्या पानावर गेलो.

गिबीनं कधी कुणाला गळ घातली नाही,
नुसता टाकून ठेवला.

बोट आली तेव्हा धक्क्यावरच्या पोरानं
काचेवर टकटक केली, दोनदा.
मी बोट वर केलं: थांब, एवढा परिच्छेद.
मागे तीन गाड्यांचे भोंगे.

एकशे बाराव्या पानावर आहे आता.
अजून कुणी मेलेलं नाही.
पेन्सिल सीटखाली कुठेतरी गडगडतेय,
आणि माझी खूण कसली असावी
काही सुचत नाहीये.