सहलीचा अहवाल

अर्जात लिहिलं होतं : चांगदेव,
तापी-पूर्णेचा संगम, दगडातलं कोरीवकाम.
मुलं सव्वीस, शिक्षक एक.
वाहन, इथे मी जरा थांबले,
मग 'खाजगी' लिहून मोकळी झाले.

वाहन म्हणजे युनूसभाईंचा टेम्पो,
काल रात्रीपर्यंत घड वाहणारा.
तळाला केळीच्या पाल्याचा थर,
त्यावर शाळेची सतरंजी.
पहाटे निघालो, ऊन टाळायला.
ऊन आमच्याआधीच निघालेलं.

सावद्याच्या अलीकडे टायर फुटलं.
स्टेपनी होती, तिच्यात हवा नव्हती.
'घंटाभर लागीन, मॅडम,' म्हणत युनूसभाई
कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून गेले
ते गेलेच.
एक निंब, सव्वीस मुलं,
आणि सावली अशी की
दर दहा मिनिटांनी एकाला उन्हात सरकावं लागे.
शबनूर तडवीनं पाढे म्हणून दाखवले, न विचारता.
भावडूच्या नाकातून रक्त आलं.
मी रुमाल भिजवला, तो कपाळावर ठेवेपर्यंत वाळला.

समोर पत्र्याची मोठी शेड होती.
तिथून एक माणूस बराच वेळ आमच्याकडे बघत होता.
मग त्यानं हाक मारली :
'आत आना पोरायले. दार लगेच लावा लागीन पण.'

आणि दार उघडलं.

काय लिहू अहवालात?
की मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांत,
सव्वीस मुलं एकदम गप्प झाली?
की थोरली पावरीण रेशमा दोन्ही हात पसरून
भिंतीला चिकटून उभी राहिली?
खोली छतापर्यंत कॅरेटांनी भरलेली,
या बाजूला हिरवी फणी, त्या बाजूला पिवळी,
मध्ये दोन दिवसांचा पोपटी.

या मुलांनी केळी पाहिली नाहीत असं नाही.
केळीतच वाढलीत ती.
बापाच्या खांद्यावर घड, आईच्या डोक्यावर घड,
चिकाचे काळे डाग पडलेले सगळे शर्ट.
पण त्यांच्या गावातून केळं जातं ते हिरवं.
पिवळं होणं त्यांनी कधी बघितलं नव्हतं.
'याला कोण सांगतं, आता पिवळं हो म्हणून?'
झरणा बारेलानं विचारलं.
त्या माणसानं गॅसचं सांगितलं, तापमानाचा काटा दाखवला.
मी मान डोलावत होते,
मलाही आत्ताच कळत होतं.

टेम्पोचा हॉर्न वाजला.
मोजली तर पंचवीस.
आत परत गेले.
कॅरेटांच्या रांगेमागे झरणा,
समोर जेवणाचा रिकामा डबा, उघडा.
हात फिरवून फिरवून
ती त्यात काहीतरी भरत होती.
मग झाकण लावलं, गुडघ्याखाली दाबून, घट्ट.
'आईसाठी,' म्हणाली. 'थंड.'

उष्णता नेहमी गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे जाते :
हा धडा मी फेब्रुवारीत शिकवला होता,
फळ्यावर बाण काढून.
झरणाला त्यात दहापैकी नऊ होते.
मी काही बोलले नाही.

चांगदेवला पोचलो तेव्हा दुपार टळलेली.
देवळाचे दगड पाय ठेवू देईनात.
संगम लांबूनच दाखवला.
'ही तापी, ही पूर्णा' म्हणताना
माझा हात उलटा गेला, असं मागून मोहसीन म्हणाला,
आणि खरंच उलटा गेला होता.
येताना सगळी झोपली, एकमेकांवर,
घडांसारखी.
झरणा तेवढी जागी,
डबा ओढणीत, ओढणी पोटाशी.

परवा पाण्याच्या टाकीपाशी दिसली.
विचारू की नको करत विचारलंच :
'आईनं उघडला का गं?'
'हो.'
'मग?'
'म्हणाली, केळाचा वास येतोय.'
बादली उचलून ती निघाली,
थोडं पाणी सांडलं, ते जागीच वाळलं.
चार पावलांवरून वळून म्हणाली,
'आणि झाकण परत लावून ठेवलं तिनं.'

अहवालात शेवटचा रकाना आहे :
सहलीची फलनिष्पत्ती.
तालुक्याहून दोनदा फोन येऊन गेला.