चार सेंटिमीटर

आमच्याकडे माणसं फुटपट्टीनं मोजतात.
डीन अँब्रोझ कॅलोवे : सहा मीटर तीस.
हेडविग थोर्सरुड, भूगोल : चार सेंटिमीटर,
तेही फोल्डरची जाडी धरून.

तळघरात बारा महिने अठरा अंश.
वर सस्कॅचवानचा जानेवारी,
पार्किंगमधल्या गाड्या वायरींनी भिंतीला बांधलेल्या,
गोठ्यातल्या गुरांसारख्या.
मी खाली टाचण्या काढत बसते.
टाचणी निघते,
गंजात तिचा आकार राहतो.

डीनसाहेबांनी सगळं जपलं :
धाडलेल्या प्रत्येक पत्राची कार्बन प्रत, कोळशाची बिलं,
एकोणीसशे चौतीसचा ठराव –
पगार एक तृतीयांश कमी,
बदल्यात माणशी दोन पोती बटाटे –
आणि ग्रीकच्या प्राध्यापकांची तक्रार
की त्यांच्या एका पोत्यात सलगम निघाले.
इथे मी हसले.
तळघरात हसू फार घुमतं.

खोका सतरा, फोल्डर नऊ.
'प्रिय मिस थोर्सरुड,
फुटलेल्या थर्मामीटरच्या जागी नवा घेण्याची
यंदा तरतूद नाही. खेद आहे.'
खेद खरा असावा.
त्या आठवड्यात त्यांनी अशी अकरा पत्रं लिहिली,
आणि पत्रागणिक
सहीतलं आडनाव आखडत गेलंय.

मूळ पत्र तिच्या चार सेंटिमीटरांत सापडलं.
पाठकोरी बाजू तिनं वाया घालवली नव्हती.
पेन्सिलीनं आखलेले दोन रकाने,
तारीख, तापमान.
आणि तापमानाखाली, आकडा कुठून आणणार, म्हणून :

नऊ जानेवारी. दौतीतली शाई गोठली.
दहा. दूधवाल्याच्या घोड्याच्या पापण्या चिकटल्या.
अकरा. रात्री दाराचा खिळा बंदुकीसारखा वाजला.
बारा. वर्गात सात मुलं. कोट कुणी काढला नाही. मीही.
तेरा. कालच्याहून कमी. कशावरून, ते सांगता येत नाही.
चौदा. बटाटे गेले. दोन्ही पोती.

पंधरा तारीख घातलेली आहे.
पुढे काही नाही.

'झालं का?' जिन्यावरून पेट्रिशिन विचारतात.
'एका ओळीत नोंदव, अजून रसायनशास्त्र पडलंय.'
मूळ क्रम मोडायचा नाही, हा आमचा धर्म.
म्हणजे प्रत त्यांच्या खोक्यात, पत्र तिच्या,
मधे अख्खा बोळ आणि पाणी काढायचा पंप.
फॉर्मवर पाठीमागच्या बाजूसाठी रकाना नाही.
मी लिहिलं : पत्र, एक. प्रशासकीय.
मग 'प्रशासकीय' खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, आणि पुढे :
मागे हवामान.

सहा वाजता वर आले.
फोन म्हणाला, उणे सदतीस.
आसपास घोडा नव्हता.
गाडीची वायर सोडायच्या आधी
मी माझ्याच पापण्या मिटून पाहिल्या.
उघडायला जरा वेळ लागला.