टेकू

सातवीला मठपती सरांनी घरून पहार आणली
आणि बसस्टँडच्या बांधकामावरून एक अर्धी वीट.
मैदानातल्या दगडाखाली, ज्यावर आम्ही चिंचोके फोडायचो,
पहारीचं टोक घातलं, वीट सरकवली जवळ
आणि म्हणाले, सुमित्रा, तू ये.
वर्गातली सगळ्यात किडकिडीत पोरगी.
ती दुसऱ्या टोकाला नुसती लोंबकळली
तर दगड उठला.
खालून दोन विंचू निघाले
म्हणून तास तिथंच संपला.

दुसऱ्या दिवशी नाव सांगितलं: आर्किमिडीज.
इर्शाद तांबोळी शेवटपर्यंत आरकमिडीच म्हणायचा.
गाव सायराक्यूज, समुद्राकाठी.
समुद्र कुणीच बघितला नव्हता.
माकणीचं धरण बघितलंय ना, सर म्हणाले,
तसंच, फक्त पलीकडचा काठ काढून टाका.

मग राजाचा मुकुट, सोनाराची लबाडी,
काठोकाठ हौद, त्यात हा उतरला
आणि जेवढा आत गेला तेवढं पाणी बाहेर.
सापडलं, सापडलं, ओरडत नागडाच पळाला रस्त्यानं.
इर्शाद म्हणाला, सर, आडावर बाया नव्हत्या का?
असतील की, सर म्हणाले,
त्याला दिसल्या नसतील.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी फळ्यावर लिहिलं,
त्याचंच वाक्य, मोठ्या अक्षरात:
मला उभं राहायला जागा द्या,
पृथ्वी हलवून दाखवतो.
पुसू नका, सर म्हणाले, परवा पुढचं सांगतो.

गणपती बुडवून लोक झोपले.
पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना
पृथ्वी हलली.
पहार कुणी लावली नव्हती.

दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, वर मातीचं माळवद.
सर लुंगीवर, एका पायात चप्पल,
टेकू द्या रे, टेकू द्या कुणीतरी,
उखळ, जात्याची तळी, देव्हाऱ्याची चौकट,
हाताला येईल ते पहारीखाली.
दुपारपर्यंत अकरा माणसं काढली जिवंत.
सुमित्रा चारच्या सुमारास निघाली.
तिला उचलायला पहार लागली नाही.

पत्र्याच्या शेडात शाळा भरली तेव्हा
पुढचं सांगितलं. गाव पडलं होतं,
हा धुळीत वर्तुळं काढत बसलेला,
शिपाई आला.
माझी वर्तुळं मोडू नको, एवढंच म्हणाला म्हणे.
प्रश्न कुणी विचारला नाही.
त्याची समाधीसुद्धा काट्यात हरवली, सर म्हणाले,
शंभरावर वर्षांनी एकानं झाडी तोडून शोधली,
दगडावरच्या खुणेवरून: एक चेंडू, एक डबा.

सरांना माती दिली जुन्या गावठाणातच, त्यांनीच सांगितलं होतं.
खूण म्हणून मैदानातला तोच दगड.
नवं गाव तीन किलोमीटरवर, रांगेत, एकसारखं;
इकडं वेडी बाभूळ माजली.

मी जेसीबी चालवतो औशात.
परवा गाडी घेऊन गेलो, सकाळभर बाभळी काढल्या.
दगड सापडला, एका अंगानं खचलेला.
बकेट लावली असती तर दोन मिनिटांचं काम.
इंजिन बंद केलं,
जाऊन इर्शादच्या पोराकडून पहार आणली,
आधी पाय आपटून बघितला, विंचवासाठी.

मग टेकू शोधत हिंडलो ढिगाऱ्यातून.
सगळं गावच दगडाचं होतं.
अर्धी वीट कुठं मिळेना.