शेवटून दुसरी

तुन्हाच्या चढावर सकाळी सहाला
श्वास नाकातच गोठतो.
हँडलला एक चिठ्ठी चिकटवलेली:
गाईच्या पोटाचे चार कप्पे, क्रमानं.
मंगळवारी तोंडी परीक्षा.

पहिल्या शर्यतीत मी एकटीच वाऱ्याला छाती देत राहिले.
वाटलं, यालाच जिद्द म्हणतात.
नुबिया शेजारी आली, म्हणाली,
"अगं वेडे, माझ्या चाकामागे लाग.
वारा काय तुझ्या एकटीच्या नावावर आहे?"

मग शिकले: हातभर अंतर,
पुढच्या टायरची माती ओठांवर,
दोन मिनिटं तिची, दोन माझी,
मग योर्लेनीची, जी रात्री बेकरीत पीठ मळते
आणि वर्गात उघड्या डोळ्यांनी झोपते.

परवा सोराकाच्या वळणावर माझी चेन तुटली.
घोळका गेला. जायलाच हवा होता.
बटाट्याच्या ट्रकमधून एलिएसेरकाका उतरले,
डब्यातून एक कडी शोधून बसवली,
पैसे नकोत म्हणाले.
"माझ्या गाईचा मागचा डावा पाय बघशील?"
मी म्हटलं, अजून दुसऱ्याच वर्षाला आहे.
"मग मी तरी कुठे मेकॅनिक आहे?"

शेवटून दुसरी आले.
शेवटची योर्लेनी.
वळणापुढे थांबली होती कुठेतरी;
म्हणते, बुटाची नाडी सुटली.
तिच्या बुटांना नाड्याच नाहीत.

रेषेपलीकडे नुबिया,
हातात वाफाळतं गुळाचं पाणी.
चिठ्ठी घामानं पुसून गेलेली.
"तिसरा कप्पा कुठला?" तिनं विचारलं,
आणि पेला जरा लांब धरला.

धाप लागलेली.
तरी आठवला.