विषय क्रमांक सहा

पहिल्या सभेला एकोणीस जण आले,
त्यातले चार पंख्याखाली बसायला.
कोरम नाही, म्हणून तहकूब.
तहकूब सभेला कोरम लागत नाही
हे गावात दोघांनाच माहीत :
मला, ग्रामसेवक म्हणून,
आणि लेआउटवाल्या हटवार साहेबांना.

विषय सहा. गट नंबर एकशे चौदा, तीन हेक्टर दहा आर,
अकृषक करण्यास ना-हरकत.
'हरितकुंज' : बासष्ट प्लॉट, एक बगीचा, एक मंदिर.
नकाशातली झाडं हिरव्या शिक्क्याची,
सगळी एका वयाची.
जिल्ह्याच्या गावापासून फक्त अकरा किलोमीटर,
एसटीला पाऊण तास लागतो ते ब्रोशरवर नाही.

ठराव टाइप होऊनच आला होता.
मी फक्त तारीख टाकायची.
'सदर गटात जलसाठा आढळून आला नाही.'

सरपंच तिमाबाई कुंभरे यांनी चष्मा पदरानं पुसला.
"आढळून आला नाई म्हंजे?
गेलं कोन होतं पाहायले?"

मग जावंच लागलं.
बावीस मे, दुपारचे चार.
मी, सरपंचबाई, डोक्याला दुपट्टा बांधलेला मोजणीवाला पोरगा,
पांदणीत रुतून बसलेली हटवार साहेबांची पांढरी गाडी,
आणि मागं मागं, कोणी न बोलावता,
ढिवरटोलीतली गोपिका वलथरे,
टोपल्यात कुदळ.

बोडी म्हणजे काय, ते परक्याला सांगणं कठीण.
पाळ एवढीशी, की बैल न थांबता चढून जातो.
खोली म्हशीच्या पाठीएवढी.
धानाला शेवटचं एक पाणी देते
आणि होळीनंतर ती नसतेच.
नकाशा होळीनंतर काढला असावा.

भेगाळलेली माती, तिच्यावर चुन्याच्या रेघा :
एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.
"हा चाळीस नंबर कॉर्नरचा," हटवार म्हणाले,
"बुकिंग झालंय. नागपूरचे रिटायर मास्तर आहेत."
आणि मग, "पाणी कुठं आहे, दाखवा ना."
खोटं नव्हतं.
चिमणीची चोच भिजेल एवढंही नव्हतं.

गोपिकाबाई चाळीसच्या मधोमध उकिडवी बसली.
हातभर खणलं. कोरडं.
मोजणीवाल्यानं घड्याळ पाहिलं.
अजून हातभर.
मग मातीचा रंग बदलला
आणि तिनं कोपरापर्यंत हात आत घातला,
लाईट गेल्यावर आपण आपल्याच घरात
खुंटीवरची पिशवी काढतो तसा,
आणि मांगूर बाहेर ओढला.

काळा, मिशाळ, वीतभर.
जिवंत.

कोणी काही बोललं नाही.
तोही नुसतं तोंड उघडत-मिटत होता,
सभेत बोलायला उभं राहून
शब्द विसरल्यासारखा.

"पानी नाई म्हनता," ती म्हणाली,
"मंग हा का बसनं आला का जी?"

सगळ्यात आधी हटवार हसले, हे मान्य केलं पाहिजे.
म्हणाले, दीड मीटर मुरूम टाकू, प्रश्नच राहणार नाही.
तेही खरंच होतं.

"लहान हाये अजून," म्हणून तिनं तो परत ठेवला,
वरून माती ओढली, थापटली,
आणि खणताना विस्कटलेली चुन्याची रेघ
बोटानं पुन्हा सरळ करून दिली.
दुसऱ्याचं काम बिघडवायचं नाही, एवढ्यासाठी.

संध्याकाळी कार्यालयात टाइप केलेला कागद समोर घेऊन बसलो.
मासा लिहायला रकाना नाही.
शेवटी 'नाही' तेवढा निळ्या पेनानं खोडला.
खाडाखोडीजवळ सही लागते.
केली.
फाईल वर जाईल. वर कोणी वाचेलच असं नाही.

कुलूप लावताना फोन वाजला.
नागपूरचे मास्तर. आवाज सावकाश, घासून पुसून ठेवलेला.
"चाळीस नंबर घेतोय आम्ही. बाकी सगळं ठीक आहे.
फक्त एक विचारायचं होतं,
पाणी आहे ना हो तिथं?"

"आहे," म्हणालो.
"दोन हातांवर."