काखेतल्या कुप्या

इथे लस थंड ठेवायची नसते.
नूकच्या वर्गात बाईंनी फळ्यावर
बर्फाच्या पेटीचं चित्र काढलं तेव्हा
मागच्या बाकावर आम्ही उत्तरेकडचे तिघं हसलो.
इथे जपायचं ते लस गोठू नये म्हणून.
चोवीस कुप्या लोकरीच्या मोज्यात,
मोजा अंगरख्याच्या आत, डाव्या काखेत,
आणि मग पाच तास बर्फगाडीवर
हात अंगाशी आवळून बसायचं,
दुखरी दाढ सांभाळावी तसं.

फेब्रुवारी. सूर्य परत येऊन चारच दिवस झालेत.
डोंगराआडून नुसतं कपाळ दाखवतो
आणि माघारी जातो.

उसार्काक दारात उभा होता,
वडलांचा शिकारीतला जोडीदार.
त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही,
काखेकडे पाहिलं.
"आता आणलीस," म्हणाला.

आता.

मी आठ वर्षांची होते तेव्हाच्या हिवाळ्यात
एक कोल्हा साखळ्यांपाशी आला होता,
मागचा पाय ओढत,
कंदिलाला न भिता.
मला तो शहाणा वाटला.
मी त्याला सीलच्या चरबीचा तुकडा टाकला.
हे कुणालाच सांगितलेलं नाही मी.

पंधरवड्यात कुत्र्यांचे डोळे चिकटले.
नाकाखाली पिवळं गोठलेलं,
पंजे वल्ह्याच्या लाकडासारखे टणक,
आणि जबडे, रिकामेच,
रात्रभर काहीतरी चावत राहिलेले.
कट कट कट.
भिंतीपलीकडून ऐकू यायचं.
वडील बंदूक घेऊन बाहेर जायचे,
मी उशीत तोंड खुपसून बार मोजायचे.
तेरातली अकरा.
तुलुगाक सगळ्यांत पुढे धावणारा.
त्याच्या वेळी दोन बार झाले.
वडलांचा नेम कधी चुकत नसे.

त्या वसंतात आमच्या घरचं कुणी समुद्रावर गेलं नाही.
कुत्र्यांशिवाय बर्फ म्हणजे
दारापुढचं मोठं पांढरं काहीतरी.
आम्ही डब्यातले वाटाणे खाल्ले.
ओढीचे पट्टे खुंटीवर वाळून कडक झाले,
वडील तरीही त्यांना तेल लावत बसायचे.

उसार्काक एकेकाला गुडघ्यांत धरतो.
मी भुकटीत पाणी सोडते, कुपी तळव्यात घोळवते,
मानेमागची सैल कातडी चिमटीत उचलते.
सुई जाते. कुत्र्याचं लक्ष मांसाच्या बादलीकडे.
"एवढंच?"
"एवढंच. पिल्लांना मात्र महिन्यानं पुन्हा."
"महिन्यानं बर्फ असेल?"
याचं उत्तर वर्गात शिकवलेलं नव्हतं.

सतरावं कुत्रं. अठरावं.
एकोणिसावं पिल्लू माझ्या बाहीचा गुंडा चघळतंय
आणि उसार्काक त्याच्याच कानात बोलल्यासारखा बोलतो,
"त्या वर्षी मी दक्षिणेकडून दोन कुत्री आणली होती.
लपवून. कायद्यानं मनाई आहे, तुला ठाऊकच.
एक शिंकत होतं.
तुझ्या बापाला मी कधी सांगितलं नाही."

मी सुईला टोपण लावलं.
काढलं. पुन्हा लावलं.
कोल्हा जिभेच्या टोकाशी येऊन बसला होता,
कंदिलाला न भिता.

"पुढचं धर," मी म्हणाले.

कुत्री चोवीस, कुप्या भरल्या तेवीसच.
एक वाटेत गोठून तडकली होती,
मोज्याच्या कडेची, जिथे ऊब पोचली नाही.
म्हातारी राहिली, एका कानाची.
बाकीच्यांना टोचताना ती सगळं पाहत होती.
"हिला पुढच्या खेपेला," मी म्हटलं.
तो तिच्याजवळ बसला, साखळी सोडली,
आणि तिला घरात घेऊन गेला.
इथे कुणी कुत्र्याला घरात घेत नाही.

परतीच्या वाटेवर अंधारात
कितीतरी वेळानं लक्षात आलं,
डावा हात अजून अंगाशी आवळलेला.
काखेत मोजा होता,
नुसता मोजा,
आणि गाडी हळू चालव असं
मी इनुतेकला तिसऱ्यांदा सांगत होते.