केसभर पुढे

खिडकीसाठी लांबी मळायची तर
खडूच्या पिठात तेल थोडं कमीच घालायचं,
उरलेलं काम हाताची ऊब करते,
असं किटो म्हणायचा. माझा बाप.
मी त्याला नावानंच हाक मारायचे,
आई मारायची तशी.

श्प्रे नदीला आमच्याकडे पोचेपर्यंत इतके फाटे फुटतात
की टपालसुद्धा होडीनं येतं.
ती होडी आई हाकायची, लांब काठीनं तळ ढकलत.
बाप दारांना, चौकटींना, कुऱ्हाडीच्या दांड्यांना
जवसाचं तेल पाजायचा.
दोघांच्याही हातांना वास असायचा,
तिच्या हातांना डिंकाचा,
त्याच्या हातांना ओल्या गवतासारखा,
मासळीच्या जवळ जाणारा, पण मासळीचा नव्हे.

दुपारी तेच तेल ताटात.
सालासकट उकडलेले बटाटे, शेजारी चक्का,
चक्क्यात चमच्यानं केलेलं आळं
आणि आळ्यात काठोकाठ पिवळं.
घाण्यावरून लहानच बाटली आणायची.
जुनं झालं की ते कडवट होतं, मग ते लाकडांचं.
उकळून औषध घातलेलं तेल वेगळ्या डब्यात,
डब्यावर आईनं काढलेली कवटी,
जरा हसरीच आलेली.

एकदा विचारलं, वाळतं म्हणजे जातं कुठं?
किटोनं आईचा पत्रं तोलायचा काटा मागून घेतला.
काचेवर तेल फासलं, काच तोलली,
आकडा चौकटीवर पेन्सिलीनं लिहिला.
आठवड्यानं बोट लावलं, चिकटलं नाही.
काटा मात्र केसभर पुढे.
आई वाकून बघत म्हणाली,
याला आता तिकीट जास्त लागणार.
तो म्हणाला, हवा खाल्लीय त्यानं.
धुणं वाळतं ते पाणी सोडून देऊन,
हे वाळतं धरून ठेवून.

फडक्याचा बोळा करायचा नाही,
हे मला अक्षरं येण्याआधी येत होतं.
तेलाचं फडकं पसरून टाकायचं,
बोळा केला की आतल्या आत तापत जातं.
आई कॉटबुसला गेली, त्या उन्हाळ्यात
किटोनं चार फडकी एकात एक कोंबून
कोपऱ्यात टाकली.
रात्री शेड पेटली. काडी कुणी ओढली नव्हती.
बंबवालेसुद्धा होडीनंच आले.
त्यांना कॉफी देताना तो म्हणाला, विसरलो.
एवढंच. पुढे कधीच काही नाही.

यंदा मार्चमध्ये त्याला पुरलं.
आता खिडक्या माझ्याकडे आल्यात.
सुरीनं जुनी लांबी काढते, दगड झालेली,
कुठे कुठे तिच्यात त्याच्या अंगठ्याचा ठसा.
तो ठसा पुसून टाकावा लागतो,
काच बसत नाही नाहीतर.

आईची खोली अकरा वर्षं बंद होती.
दाराला आतून त्यानंच दिलेला पांढरा रंग
म्हाताऱ्या दातांसारखा पिवळा पडलेला.
मी ब्रश घेतला, तर शेजारची लेयना म्हणाली,
थांब गं वोर्शा. तेलाचा रंग अंधारात पिवळतो,
उजेडात ठेव, येतो माघारी.
मी झडपा उघड्या टाकल्या.
रोज उठून बघायचं, रोज तेवढंच.
मग जूनमध्ये एका सकाळी,
भांडी घासून झाल्यावर, सहज वर पाहिलं
तर दार पांढरं.
सगळं नाही.

खुंटीवर तिचं टपालाचं जाकीट आहे,
निळं, एका बटणाचं दोरे लोंबणारं.
बाही उचलून बघितली.
खाली अजून पिवळं, बाहीच्याच आकाराचं.
बाही पुन्हा सोडली,
आणि फडकी कुंपणावर घालायला गेले,
एकेक, सुटी.